मुलगी असून अशी वागते?

दोस्तांनो, दोन वाक्यं तुम्ही नक्की ऐकली असतील. पहिलं : "अहो, मुलगाच तो! थोडा वांडपणा करायचाच." आणि दुसरं : "मुलगी असून अशी वागते?"

गंमत पाहा हं. खोडी एकच. समजा, मधल्या सुट्टीत कुणीतरी कुणाचा तरी डबा पळवला आणि वर दोन गुद्देही घातले. करणारा मुलगा असला की पहिलं वाक्य बाहेर पडतं, मुलगी असली की दुसरं. पहिल्या वाक्यात सगळं माफ होऊन जातं. दुसऱ्या वाक्यात डबा राहतो बाजूला आणि तिचं मुलगी असणं हाच गुन्हा ठरतो. ज्याचा डबा गेला, त्याला मात्र दोन्हीकडे भूक सारखीच लागते!

मग खरं काय? मुलगे जन्मतःच दांडगे असतात का? आणि एखादी मुलगी सतत मारामाऱ्या करत असेल, तर तिच्या डोक्यात काही वेगळं चाललेलं असतं का? गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी हा प्रश्न थेट मेंदूलाच विचारला. मेंदूनं जे उत्तर दिलं, त्यापुढं ही दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. आज त्याचीच गोष्ट. वाचताना आईबाबांनाही शेजारी बसवा, कारण शेवटी त्यांच्यासाठीही थोडं काही आहे.

खोडी कुठं संपते?

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. बाकावर नाव कोरलं, गृहपाठ बुडवला, भावाच्या अंगावर पाणी ओतलं, शेजारच्या काकांची बेल वाजवून पळालात, या खोड्याच. त्यासाठी ओरडा बसेल, बसायलाही हवा. पण तो काही आजार नव्हे.

डॉक्टर ज्याला वर्तनविकार म्हणतात, ती गोष्ट वेगळी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं निदानासाठी एक पुस्तिका तयार केली आहे. तिच्यात या विकाराची पंधरा लक्षणं दिली आहेत आणि त्यांचे चार गट पाडले आहेत. माणसांना किंवा मुक्या प्राण्यांना इजा करणं हा पहिला गट. दुसऱ्यांच्या वस्तूंची मुद्दाम नासधूस करणं, आग लावणं हा दुसरा. फसवणूक आणि चोरी हा तिसरा. आणि घरातून पळून जाणं, लहान वयातच रात्र रात्र बाहेर राहणं, सारखी शाळा बुडवणं असे मोठे नियम मोडणं हा चौथा. वर्षभरात यांतली किमान तीन लक्षणं दिसली, त्यांतलं निदान एक गेल्या सहा महिन्यांतलं असलं आणि त्यामुळं घरातलं, शाळेतलं सगळंच बिघडू लागलं, तरच डॉक्टर त्याला वर्तनविकार म्हणतात.

म्हणून कृपा करून हा परिच्छेद वाचून धाकट्या भावाची लक्षणं बोटांवर मोजायला बसू नका! निदान हे डॉक्टरांचं काम.

जगभरचा अंदाज असा, की शाळेच्या वयातल्या दर शंभर मुलामुलींमागं साधारण तिघांना हा त्रास असतो. मुलग्यांमधलं प्रमाण मुलींच्या दुपटीहून जास्त आहे. आणि इथंच आपल्या गोष्टीतली पहिली गडबड झाली.

मुली गेल्या कुठं?

मराठीत 'मुलं' या शब्दाचा एक घोळ आहे. 'मुलं खेळतायत' म्हटलं की नुसते मुलगे, की मुलगे आणि मुली दोन्ही? ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. शास्त्रातही अगदी असंच झालं. वर्तनविकार मुलग्यांमध्ये जास्त, म्हणून अभ्यासासाठी मुलगे घेतले गेले. मुली कमी, त्या शोधायला वेळ लागणार, मेंदूचं चित्र काढणं खर्चाचं, मग राहू द्या मुलींना! असं वर्षानुवर्षं चाललं. अभ्यास मुलग्यांचा, पण निष्कर्ष सगळ्या 'मुलां'चा, असा प्रकार झाला.

मुली नजरेआड राहण्याचं दुसरंही एक कारण होतं. ठोसा दिसतो, त्याचा आवाज येतो, नाकातून रक्तही येतं. पण "तिच्याशी कुणी बोलायचं नाही हं, नाहीतर आपली कट्टी" असं म्हणून एखादीला आठवडाभर एकटं पाडलं तर? त्याचा आवाज येत नाही. दुखतं मात्र तेवढंच. १९९५ साली निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हाही आक्रमकपणाच आहे आणि तोवरच्या अभ्यासांनी तो धड मोजलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "बघा, मुलीच आतल्या गाठीच्या!" थांबा, एवढी घाई नको. २००८ साली अशा १४८ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. कळलं असं, की मारामारीत मुलगे पुष्कळ पुढं आहेत. पण कट्टी करणं, मागून अफवा पसरवणं, वाळीत टाकणं यात मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीतच आहेत! म्हणजे 'मुलगे मोकळे आणि मुली आतल्या गाठीच्या' हीसुद्धा एक ऐकीव गोष्टच निघाली.

शेवटी युरोपात हे सुधारायचं ठरलं. २०१३ साली युरोपीय संघाच्या पैशातून एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याचं नाव फेमनॅट-सीडी. त्याची सूत्रं जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या गटे विद्यापीठाकडं, प्रा. क्रिस्टिन फ्रायटाग यांच्याकडं होती. जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड, नेदरलँड्स, स्पेन अशा अनेक देशांतली विद्यापीठं त्यात आली. ९ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास झाला, वर्तनविकार असलेल्यांचा आणि नसलेल्यांचाही. या प्रकल्पात मुलींना मुद्दाम शोधून, चांगल्या मोठ्या संख्येनं घेतलं. प्रकल्पाच्या नावातलं 'फेम' हे त्यासाठीच.

डोक्यात डोकवायचं कसं?

जिवंत माणसाच्या डोक्यात कसं डोकवणार? त्यासाठी एमआरआय नावाचं यंत्र आहे. तुमच्यापैकी कुणाच्या आजीआजोबांनी ते पाहिलंही असेल. भलामोठा बोगदा आणि आत सरकणारा पलंग.

त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ. पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचा गाभा एखाद्या इटुकल्या चुंबकासारखा वागतो. यंत्रातलं प्रचंड चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा हजारो पटींनी जोरदार, या इटुकल्या चुंबकांना एका रांगेत आणतं. मग रेडिओ लहरींनी त्यांना धक्का द्यायचा. धक्का थांबला की ते पुन्हा जागेवर येतात आणि येता येता बारीकसा संदेश सोडतात. त्या संदेशांवरून संगणक चित्र बनवतो. यात क्ष-किरण नाहीत, त्यामुळं मुलांचा अभ्यास करायलाही ते चालतं. फक्त अंगावर लोखंड नको, आणि ठकठक असा मोठा आवाज चालू असताना अगदी निश्चल पडून राहायचं. वांड म्हणून नाव पडलेल्या मुलामुलींनीही हे केलं बरं का! या यंत्रामागच्या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या चित्रात मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग वेगवेगळे दिसतात. करड्या भागात चेतापेशींची दाटी असते. पांढऱ्या भागात त्यांना जोडणाऱ्या तारा असतात. कुठल्या ठिकाणी करडा भाग किती, हे मग मोजता येतं.

मेंदूतलं बेट

आता आपल्या गोष्टीतल्या मुख्य ठिकाणी जाऊ. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घड्यांच्या आत खोल दडलेला एक भाग आहे. त्याचं नाव इन्शुला. लॅटिनमध्ये इन्शुला म्हणजे बेट. योहान रील नावाच्या जर्मन वैद्यानं त्याचं वर्णन केलं होतं, म्हणून पुष्कळ दिवस त्याला 'रीलचं बेट' म्हणत. डाव्या अर्ध्यात एक आणि उजव्या अर्ध्यात एक, अशी ही बेटांची जोडी.

हे बेट करतं काय? पोटात कावळे ओरडतायत, छाती धडधडतेय, नासकं दूध पाहून शिसारी येतेय, अशा शरीराच्या आतल्या बातम्या इथं येतात. पण एवढंच नाही. २००४ साली लंडनमध्ये टानिया झिंगर यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बायको एमआरआय यंत्रात, नवरा बाजूला. कधी तिच्या हाताला विजेचा छोटासा चटका द्यायचा, कधी त्याच्या. तिला चटका बसला तेव्हा तिच्या इन्शुलाचा पुढचा भाग जागा झाला. आणि फक्त नवऱ्याला बसतोय हे कळलं, तेव्हाही तोच भाग जागा झाला! दुसऱ्याला लागलं की आपण 'आई गं!' म्हणतो ना, त्यात या बेटाचा वाटा असतो.

म्हणूनच दुसऱ्याला दुखवणाऱ्या मुलामुलींच्या मेंदूत शास्त्रज्ञांची नजर या बेटावर गेली. आता तीन अभ्यास एकापाठोपाठ पाहा.

पहिला इंग्लंडमधला, २०१३ सालचा. ग्रेम फेअरचाइल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तनविकार असलेल्या २२ मुली घेतल्या आणि हा विकार नसलेल्या २० मुली. विकार असलेल्या मुलींच्या दोन्ही बेटांच्या पुढच्या भागात करडा भाग कमी भरला. मुलग्यांशी तुलना केली, तेव्हा दिसलं की मुलग्यांमध्ये चित्र तसं नाही. विकार तोच, पण बेटाची कहाणी वेगळी.

दुसरा स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाचा, नोरा राशले आणि सहकाऱ्यांचा, २०१८ सालचा. यात १८९ किशोरवयीन मुलंमुली होती आणि ती सगळी साधी, शाळेत जाणारी होती. कुणालाच विकार नव्हता. त्यांना प्रश्नावली देऊन मनाचा कोरडेपणा मोजला. कोरडेपणा म्हणजे दुसरा रडला तरी आपल्याला काही न वाटणं, चूक केल्यावर मनाला टोचणी न लागणं. तो थोडाबहुत सगळ्यांतच असतो, कुणात कमी, कुणात जास्त. मुलग्यांमध्ये कोरडेपणा जास्त असला की बेटाचा पुढचा भाग मोठा दिसला. मुलींमध्ये असा संबंध दिसलाच नाही. मुलग्यांच्या कोरडेपणातला जो कमीजास्त फरक होता, त्यातल्या १९ टक्के फरकाची सांगड या करड्या भागाशी लागली. गणित जमतंय ना? उरलेल्या ८१ टक्क्यांची लागली नाही!

तिसरा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, २०१६ सालचा. ही मुलंमुली ९ ते १७ वर्षांची, सगळी मिळून ५९. यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात काहीतरी फार भयंकर सोसलं होतं आणि त्या धक्क्यातून ती बाहेर आली नव्हती. अशा मुलग्यांमध्ये बेटाच्या पुढच्या कडेचा एक भाग, न सोसलेल्या मुलग्यांपेक्षा मोठा होता. आणि अशा मुलींमध्ये तोच भाग, न सोसलेल्या मुलींपेक्षा लहान होता. घाव एकाच जातीचा, पण खुणा उलट्या! मुलींमध्ये मोठ्या ताणामुळं बेटाचं वय लवकर वाढत असावं, असा अंदाज त्या शास्त्रज्ञांनी मांडला.

हे तिन्ही अभ्यास वेगवेगळे आहेत. मुलंमुली वेगळी, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. ते एकावर एक ठेवून घाईनं इमारत बांधायची नाही. पण एक धडा तिघांतूनही मिळतो. मुलग्यांवरून मुलींचा अंदाज बांधता येत नाही. मुलींना वगळून केलेला अभ्यास हा अर्धाच अभ्यास असतो.

आणि सारखं काय?

तर मग मुलगे आणि मुली अगदीच वेगळे का? छे! हीच तर गोष्टीतली दुसरी बाजू.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. भीतीची चाहूल घेणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणं, यात तो कामी येतो. फेअरचाइल्ड यांच्या त्याच अभ्यासात वर्तनविकार असलेल्या मुलग्यांत आणि मुलींत, दोघांतही, उजवा अमिग्डाला सरासरीनं लहान भरला. इथं मुलगा-मुलगी भेद नाही.

२०२० साली फेमनॅट-सीडीमधल्या बाराशेहून अधिक मुलामुलींचे निकाल आले. त्यांना तीन तऱ्हेची कामं दिली होती. चेहऱ्यावरचे भाव ओळखायचे. बक्षीस आणि दंड यांवरून शिकायचं. मनातल्या भावनांना आवर घालायचा. वर्तनविकार असलेल्यांना ही कामं जड गेली, आणि मुलग्यांना जशी जड गेली तशीच मुलींनाही.

नीट विचार करा. समोरचा घाबरलाय की चिडलाय, हेच पटकन कळत नसेल तर? शिक्षा झाली तरी त्यातून पुढच्या वेळेसाठी काही शिकता येत नसेल तर? राग आला की त्याला आवरायचा दोरच हाती नसेल तर? अशा मुलाला 'मुद्दाम करतो' आणि अशा मुलीला 'निर्लज्ज आहे' म्हणून भागणार नाही. त्या दोघांना या गोष्टी शिकवाव्या लागतील, आपण पोहायला शिकतो तशा.

सरासरीची गंमत

इथं एक धोका आहे. "वाईट वागणाऱ्यांचा मेंदूच वेगळा" असं म्हणून कुणी मोकळं होईल. म्हणून सरासरी म्हणजे काय ते समजून घ्या.

दहावीच्या वर्गात मुलग्यांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त असते. पण म्हणून वर्गातली प्रत्येक मुलगी प्रत्येक मुलग्यापेक्षा बुटकी असते का? मुळीच नाही. नुसती उंची सांगून ती मुलाची की मुलीची हे ओळखायला सांगितलं, तर तुम्ही कितीदा तरी फसाल. मेंदूचे हे फरक तर उंचीच्या फरकाहूनही पुष्कळ लहान आहेत.

२०२४ साली जगभरातल्या १५ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. वर्तनविकार असलेली १,१८५ मुलंमुली आणि नसलेली १,२५३. वयं ७ ते २१. मेंदूच्या बाहेरच्या सालीचे ३४ भाग मोजले, त्यांतल्या २६ भागांचं क्षेत्रफळ विकार असलेल्या गटात सरासरीनं कमी होतं. पण फरक इतके बारीक, की एकट्या मुलाचं चित्र समोर ठेवून 'हा दांडगा' की 'हा शहाणा' असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. एमआरआयनं वर्तनविकाराचं निदान होत नाही. तसं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि आधी काय, नंतर काय, हा प्रश्न उरतोच. मेंदू वेगळा म्हणून वागणं बिघडलं, की घरातली मारहाण, उपासमार, भीती यांनी मेंदू तसा घडला? कोंबडी आधी की अंडं आधी, तसंच हे. एका वेळी काढलेल्या चित्रावरून ते ठरत नाही.

मेंदू म्हणजे दगड नव्हे

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचं शहर आहे. तिथं १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ बाळांची नोंद घेतली गेली आणि शास्त्रज्ञ आजवर त्यांच्या मागोमाग चालत आले आहेत. टेरी मॉफिट यांना या अभ्यासातून दोन तऱ्हा दिसल्या. काहींचं वागणं लहानपणीच बिघडतं आणि मोठेपणीही बिघडलेलंच राहतं. अशांत दर एका मुलीमागं साधारण दहा मुलगे. दुसरी तऱ्हा म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी बिघडायचं आणि पुढं सावरायचं. इथं मात्र मुलगे आणि मुली यांच्यात फार अंतर नाही, साधारण तीन मुलग्यांमागं दोन मुली.

हे लोक ४५ वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्यापैकी ६७२ जणांच्या मेंदूची चित्रं काढली आणि २०२० साली निकाल जाहीर झाले. आयुष्यभर वागणं बिघडलेले जे ८० जण होते, त्यांच्या मेंदूच्या सालीचं क्षेत्रफळ सरासरीनं कमी होतं. पण फक्त कुमारवयात बिघडलेले १५१ जण होते ना, त्यांच्या मेंदूत आणि सरळ वागत आलेल्यांच्या मेंदूत तसा फरक सापडला नाही! आठवी-नववीत 'वाया गेला' किंवा 'वाया गेली' असा शिक्का बसलेल्या कितीतरी जणांची ही गोष्ट आहे.

कारण या वयात मेंदूचं बांधकाम चालूच असतं. १९९९ साली अमेरिकेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी १४५ मुलामुलींच्या मेंदूची चित्रं पाहिली. कपाळामागच्या भागात करडा भाग आधी वाढतो आणि मग छाटला जातो, माळी गुलाबाची छाटणी करतो तसा. मुलींमध्ये तो साधारण ११ व्या वर्षी सर्वांत जास्त असतो, मुलग्यांमध्ये १२ व्या. हा कपाळामागचा भाग म्हणजे मेंदूचा ब्रेक. तो पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. गाडी जोरात आणि ब्रेक अजून गॅरेजमध्ये, असं तुमचं वय आहे! म्हणून गाडी कुणावर घालायची मोकळीक मिळत नाही, पण शेजारी बसलेल्या मोठ्यांनी स्टिअरिंगला हात द्यायला हवा, एवढं खरं.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी घराघरांत जाऊन भांडणं पाहिली. त्यांना एक सापळा दिसला. आई म्हणते, "मोबाइल ठेव." मूल किंचाळतं. आई आवाज चढवते. मूल वस्तू फेकतं. आई थकून म्हणते, "घे बाई, काय करायचं ते कर." घर शांत होतं. मूल शिकलं, की ओरडलं की जमतं. आईही शिकली, की सोडून दिलं की शांतता मिळते. दोघं रोज थोडी थोडी या सापळ्यात शिरतात. दुसऱ्या घरी शांतता मिळते ती फटका मारून, आणि मूल मारायलाच शिकतं.

यातून बाहेर पडायची वाट साधी आहे, पण चिकाटीची आहे. सूचना एकच द्यावी, थोडक्यात आणि शांतपणे. जी द्यायची ती पाळून घ्यावी. आणि दिवसात एखादी गोष्ट नीट झाली, तर ती त्याच वेळी, त्या मुलाला ऐकू जाईल अशी बोलून दाखवावी. मुख्य म्हणजे नियम मुलाला आणि मुलीला एकच असावा. मुलाची मारामारी हसण्यावारी नेली, तर त्याला वेळेवर मदत मिळत नाही. मुलीच्या वागण्याची नुसती लाज वाटून घेतली, तर ते झाकलं जातं आणि तिलाही मदत मिळत नाही.

मुलींना मदतीचा उपयोग होतो का? बाझलच्या क्रिस्टिना श्टाडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. युरोपातल्या संगोपनगृहांत राहणाऱ्या, वागणं फार बिघडलेल्या १२७ मुली त्यात होत्या. काहींना 'स्टार्ट नाऊ' नावाचं प्रशिक्षण मिळालं : राग ओळखणं, तो वाढण्याआधी थांबणं, भांडण न करता आपलं म्हणणं मांडणं. १२ आठवडे. बाकीच्यांना नेहमीची मदत. २०२४ साली निकाल छापून आला. प्रशिक्षण संपलं त्या दिवशी दोन्ही गटांत म्हणण्यासारखं अंतर नव्हतं. पण तीन महिन्यांनी पाहिलं, तर प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमधली लक्षणं जास्त कमी झाली होती. शिकलेलं अंगी मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा!

आपल्या देशातला २०१५ सालचा बाल न्याय कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना 'गुन्हेगार' म्हणत नाही. त्यांच्या हातून गुन्हा घडला तरी शब्द आहे 'विधिसंघर्षग्रस्त बालक', आणि त्यांचं नाव-गाव छापायला बंदी आहे. शिक्का बसला की सावरणं अवघड होतं, हे त्यामागचं शहाणपण. घरात आणि वर्गातही आपण तेवढं पाळू शकतो. काळजी वाटण्याइतकं काही घडत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी

तुम्हाला कुणी मारत असेल, पैसे काढून घेत असेल किंवा सगळ्यांनी मिळून वाळीत टाकलं असेल, तर लगेच मोठ्यांना सांगा. ही चुगली नव्हे. 'त्याच्या मेंदूत तसं असेल' म्हणून सोसत बसायचं कारण नाही. घरीच कुणी त्रास देत असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो मुलांसाठीच आहे.

आणि तुमचाच हात सारखा उठत असेल तर? आपल्यालाच ते आवडत नाही, पण थांबता येत नाही असं वाटत असेल तर? तेही सांगा. आवडत्या बाईंना, सरांना, मावशीला, आजोबांना, कुणालाही. "मला राग आवरत नाही, मला शिकवा" एवढं वाक्य पुरे. गणित अडलं की विचारताच ना?

वर्गातल्या त्या दांडग्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मुलगाच तो!" किंवा "मुलगी असून अशी वागते?", तर तुम्ही दोन साधे प्रश्न विचारा. ज्याला लागलं, त्याचं काय? आणि ज्यानं मारलं, त्याला झालंय काय? दोन्ही प्रश्न विचारा, आणि मुलगा असो की मुलगी, त्याच क्रमानं विचारा.